शेवटची गाडी किती वाजता

जेवणाच्या टेबलावर आल्प्स पसरलाय.
एका कोपऱ्यावर शेंगाचटणीची बरणी,
दुसऱ्यावर यांच्या चष्म्याचा डबा,
नाहीतर पंख्यानं ऑस्ट्रिया उडतो.
बाहेर सोलापूर, बेचाळीस.

स्रवंतीचा फोन होता म्युनिकहून: मावशी,
शुक्रवारपर्यंत सांगा मुक्काम कुठं ते.
एकच गाव धरा, रोज तिथून एकेक किल्ला करा.
गाडी भाड्यानं घेणार नसाल ना?
आम्ही!
घरात चाक म्हणून आहे ते माझ्या शिलाई मशीनचं,
त्यावर आजवर अर्ध्या शहराचे गणवेश शिवून झाले,
ते जागचं हललेलं नाही.

यांना गाव विचारलं की वेळ सांगतात.
एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते,
निवृत्तीला अकरा वर्षं झाली,
अजून झोपेत फलाट बदलतात.
आखीव वही. जाणारी निळ्या पेनानं, येणारी लाल.
म्हणतात, किल्ला कुठं पळून जात नाही,
गाडी जाते.

फ्युसेन: खिडकीत डोंगर,
राजाचा पांढरा किल्ला बसनं हाकेवर.
पण रूळ तिथंच संपतात.
"रूळ संपतात तिथं मुक्काम करू नये," हे म्हणाले.
इन्सब्रुक: रूळ सगळीकडे फुटलेले.
त्यावर बोट ठेवून, जरा थांबून,
"कुर्डुवाडी," म्हणाले,
लेकीचं नाव घ्यावं तसं.

नळदुर्ग आम्ही असाच केला, सातची धरून.
विजापूर होटगीवरून, मंगळवेढा दोनदा.
सगळीकडून दिवे लागायच्या आत घरी.
सगळीकडची आठवण सारखीच झालीय,
उन्हात डबा, यांचं घड्याळ,
आणि "चल, चल."

म्हणून मी परंडा काढलं.
यांना ते काढलेलं आवडत नाही.

अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. हे बुरुजावर
वितीनं तोफेची लांबी मोजत बसले,
बार्शीची शेवटची गाडी निघून गेली.
वेळेवर निघाली, त्यामुळे
यांना तिला शिव्याही देता येईनात.
नियंत्रकाचीच गाडी चुकली!
चौकशीच्या खिडकीतल्या बाबूमियाँनी
चहा दिला, दोन रिकामी पोती दिली,
आणि पिशवीत चादर नाही कळल्यावर,
सोलापूरची माणसं अन् चादर नाही,
रात्रभर मधूनच हसत राहिले.
आम्ही बाकावर, थंडीनं दातावर दात.
पहाटे तट आधी काळा होता, मग जांभळा,
मग थेट भाजलेल्या भाकरीसारखा.
हे घड्याळ बघायचं विसरले.
मी पाहिलंय ते.

तर मी एवढंच विचारलं,
शेवटची चुकली तर
कुठल्या गावात बरं वाटेल?

पेन थांबलं.
असा रकाना वहीत नव्हता.
बराच वेळ पंखा तेवढा फिरत होता,
मग यांनी पट्टी घेतली,
नवी रेघ ओढली, कशीबशी, जागा नव्हती,
आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: चुकली तर.
हिरवं पेन शोधायला उठले, सापडलं नाही,
पेन्सिलीनं भरायला लागले.
फ्युसेन: नदी आहे. बाकडी असावीत.
इन्सब्रुकपुढं काहीच लिहिलं नाही,
कुर्डुवाडीवरची माया असून.

रात्री स्वतःच फोन लावला.
"स्रवंती, फ्युसेनच्या स्टेशनातली
प्रतीक्षाखोली रात्री उघडी असते का?"
"काका, तुमच्यासाठी हॉटेल बघतेय मी!"
"ते बघ गं.
पण बाक लाकडी की लोखंडी,
तेवढं विचारून ठेव."

मी पलंगाखालची बॅग ओढली,
तळाशी चादर घातली, जाड, दुहेरी.
बाकीचं सामान
गाव ठरल्यावर.