सव्वीस अंश

तोमिनागासाननी सकाळी उठल्या उठल्या विचारलं,
इथे गरम पाण्याचा झरा आहे का.
त्यांच्या फोनमधली बाई ते मराठीत बोलली,
आकाशवाणीवर बातम्या सांगतात तशी.
मी म्हटलं, गरम नाही,
पण पाणी बोलतं अशी एक तळी आहे.
बाईनं ते त्यांच्यापर्यंत कसं पोचवलं कोण जाणे,
म्हातारा खांद्यावर टॉवेल टाकून
गाडीत येऊन बसला.

सांगे मागे पडलं की वाट रानात शिरते.
डावीकडे तो डोंगर, अर्धा.
बारा वर्षं मी तिथला टिपर चालवला,
खाण ते धक्का, धक्का ते खाण,
पुढे बार्ज, मुरगावला जहाज,
आणि जहाज जपानला, असं मुकादम म्हणायचा.
मी कशाला विचारायला जातो.
बायको माझा शर्ट तीनदा पिळायची,
तिसऱ्यांदाही पाणी तांबडंच.

"हे काय आहे?" बाईनं विचारलं.
"खाण. बंद पडली."
म्हाताऱ्यानं काच खाली केली.
पोलादाच्या भट्टीवर एकोणचाळीस वर्षं, म्हणाला,
आणि तळहात पुढे करून दाखवले, उगाच.
मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प.
बाईसुद्धा.

नेत्रावळीला शेवंती वेळीपच्या ओट्यावर जेवलो.
उकडा भात, अळसांद्यांचं तोणाक,
बांगड्याचं हुमण.
त्यातलं तिरफळ दाताखाली आलं तेव्हा
डोळे मिटून हसला,
गावच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटावं तसा.
शेवटी पातोळी.
शेवंती सांगायच्या आत
त्यानं हळदीचं पानही खाल्लं, शिरेसकट.
त्यांच्याकडे म्हणे चेरीच्या खारवलेल्या पानात
भाताचा लाडू गुंडाळतात,
आणि पान टाकणं म्हणजे वाईट दिसतं.
शेवंती हसली नाही.
आपल्या पातोळीचा एक कोपरा तोडला, पानासकट,
चावत राहिली, म्हणाली,
"कडू. पण बरं लागतं."

तळीवर कुणी नव्हतं.
टाळी वाजवली की बुडबुडे येतात, असं लोक सांगतात.
न वाजवताही येतात, हे मी पाहिलंय,
पण पैसे घेऊन आलेल्या माणसाला ते सांगत नाही.
त्याला सांगितलं.
त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
टॉवेलची चौकोनी घडी करून डोक्यावर ठेवली,
खिशातून पेन्सिलीएवढा तापमापक काढला,
आणि पाण्यात धरून बसला,
पोराचा ताप बघावा तसा.

सव्वीस अंश.
दोनदा पाहिलं. मग एवढा मोठ्यानं ओरडला
की चिऱ्याच्या पायरीवरचा सरडा पळाला.
बाई म्हणाली, "आमच्या देशात जमिनीतून येणारं पाणी
पंचवीसच्या वर असलं, तर कायद्याने तो
उष्ण झरा असतो. अभिनंदन."

अभिनंदन! सव्वीस अंशांचं!
पन्नास वर्षं मी ह्याला गार पाणी म्हणत आलो.

चपला काढून मीही पाय सोडले.
बारीक मासे आले.
त्याच्या पांढऱ्याफटक पावलांकडे थोडे,
जास्त माझ्या टाचांच्या भेगांकडे.
खालून बुडबुडे निघत होते,
एक, मग चार, मग नुसतीच वाट पाहणं.

मध्ये पायरीवर ठेवलेला फोन एकदम उजळला.
"माफ करा," बाई म्हणाली,
"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."