टिचकी

फरशीवर टिचकी मारली की कळतं.
खणखणीत वाजली तर पेटीत,
भद्द वाजली तर आत कुठंतरी केसाएवढी चीर.
रास अल खैमाच्या या कारखान्यात
अकरा वर्षं मी हेच करतो.

गोळी मात्र आवाज न करता गिळायची.
सव्वादोन वर्षं, चहाआधी,
पांढरी, मधोमध रेघ असलेली,
जणू कंपनीला ठाऊकच होतं
माणूस एक दिवस ती मोडायला बघणार.

तिनं मला उठवलं, हे नाकारत नाही.
त्या उन्हाळ्यात वरच्या बंकवर
अठरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो
आणि गुलजमीन खालून विचारायचा, भाईजान, रोटी?
गोळी आली, मी उतरलो, रोटी खाल्ली.
पण पुढं वडील गेल्याचा फोन आला
तेव्हाही मी खातच राहिलो.
घास थांबला नाही.
त्याची भीती वाटली.

मग आडिवऱ्याहून येणाऱ्या माणसाबरोबर
सुनंदानं पुडकं धाडलं:
कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि दोन डब्या,
अश्वगंधा, ब्राह्मी, तिच्या तिरक्या अक्षरात.
तो म्हणाला, भुकटी बघून विमानतळावर
मला घाम फुटला हो,
पुढच्या वेळी लोणचं सांगा.

गोळ्या मी एका दमात बंद केल्या. कुणाला न विचारता.
पाचव्या दिवशी, नजर वळवली की
कवटीत ठिणगी उडायची, वेल्डिंगसारखी निळी.
सातव्या दिवशी फरशा वाजवल्या
तर सगळ्याच खणखणीत.
चारशे पेट्या मस्कतला गेल्या.
बावीस परत आल्या.

डॉक्टर हनान ओरडली नाही.
डब्यांवरचं अक्षर उलटंसुलटं करून पाहत राहिली.
यात काय आहे?
ब्राह्मी मला हिंदीतून मोडक्या अरबीत नेता येईना.
पान, म्हटलं. डोक्यासाठीचं पान.
ती म्हणाली, पान असो की गोळी,
आत गेल्यावर एकमेकांशी भांडतात की नाही
ते आधी मला बघू दे.
अश्वगंधा तिनं बाजूला ठेवली,
थायरॉइडचा कागद येईपर्यंत.
गोळी पुन्हा पूर्ण. मग सहा आठवडे पाऊण.
मग अर्धी.
आणि त्याच चिठ्ठीवर, औषधाच्याच रांगेत:
पहाटे चालणे. रात्री फोन दूर.
रोज एका माणसाशी बोलणे.

माणूस म्हणजे गुलजमीन, दुसरा कोण असणार.
चार वाजता खाडीच्या कडेनं आम्ही,
तिवरांत ओहोटीचा वास, हवा ओल्या फडक्यासारखी,
आणि तो त्याच्या स्वातमधल्या अक्रोडाबद्दल सांगतोय,
भावानं तोडला, न विचारता तोडला,
हीच गोष्ट, रोज.
मी दाढीच्या पात्यानं गोळी कापायला शिकलो.
पात्यावरची भुकटी बोटानं टिपून चाटायची,
सोनाराच्या दुकानातल्यासारखी.

एका पहाटे, अक्रोड अजून पडायचा होता,
आणि मला रडू आलं.
वडिलांसाठी. पंधरा महिने उशिरा.
गुलजमीननं खिशातले फुटाणे पुढं केले,
मग स्वतःच खाल्ले.
लांब पाण्यात रोहित उभे होते, एका पायावर,
त्यांना काही घाई नव्हती.

आता पाव गोळी आहे, आणि रात्री ब्राह्मी.
कशानं काय होतंय मला सांगता येत नाही:
पान, पाव, खाडी की अक्रोड.
हनान म्हणते, हिवाळाभर इथंच थांबू.
सुनंदा फोनवर विचारते, सुटल्या का गोळ्या?
पाव उरलीय.
म्हणजे सुटल्याच की!
नाही गं. पाव.

काल झोप येईना म्हणून
बरगडीवर बोटानं टिचकी मारून पाहिली.
एकदा. पुन्हा जरा जोरात.
खालून गुलजमीन दचकून उठला,
कौन है, म्हणत
दार उघडायला गेला.