बोटभर डावीकडे

दांडिया बाजारातलं आमचं घर बोगद्यासारखं:
पुढे गॅलरी, मागे मोरी,
मधल्या खोलीत भरदुपारी ट्यूबलाइट.
त्या मधल्या खोलीत बकुळताई पडून असते,
जिन्यावरून घसरली त्या चैत्रापासून.

एकतीस वर्षं भूमिती शिकवलेली बाई.
दोन महिने छत पाठ केलं,
मग म्हणाली, "माझी फूटपट्टी आण.
आणि आरसे."

पहिला मांडवीतून, सागवानी चौकटीचा.
दुसरा म्हणजे आईच्या कपाटाचं दार, कोपऱ्यात पारा उडालेला.
तिसरा खंडेराव मार्केटबाहेरचा, नव्वद रुपयांचा,
भोवती प्लास्टिकची वेलबुट्टी;
तो गॅलरीच्या जाळीला तारेनं बांधला.
नासिरभाई ड्रिल घेऊन भिंतीशी,
ताई उशीवरून पट्टी नाचवत:
"जितक्या कोनात येतो, तितक्याच कोनात जातो, नासिरभाई.
प्रकाश उधारी ठेवत नाही."
"पण बेन, भींत पोली छे," नासिरभाई म्हणाले
आणि लाकडाची खुंटी तासायला बसले.

संध्याकाळपर्यंत रस्ता खोलीत आला.
रिक्षा आल्या, सेव-उसळीची वाफ आली,
एक गाय आली, आईच्या कपाटाच्या दारात अडकून
बराच वेळ रवंथ करत राहिली.
पण सगळं उलटं.
समोरच्या शिंप्याची पाटी कुठल्याच लिपीत नाही,
स्कूटरवाले सगळे चुकीच्या बाजूनं.
"तीन म्हणजे विषम," ताई म्हणाली. "एक अजून लागेल."

चौथा रावपुऱ्यात बंद पडलेल्या सलूनमधून आणला,
खाली कंगव्यांची फळी तशीच,
फळीला अजून पावडरचा वास.
पलंगाच्या पायथ्याशी तो टेकवला
आणि शिंप्याची पाटी सुलटी झाली.
"हं," ताई म्हणाली,
बरोबर उत्तराची वही खाली ठेवताना म्हणायची तसं.

लोक येतात. ज्योत्स्नाबेन दारातच थबकतात:
"घर केटलुं मोटुं लागे छे!"
पुण्याची वहिनी फोटो काढते, डेकोरेटर कोण विचारते.
मी चहा ठेवते
आणि दर वेळी एक कप जास्त मोजते.

भाद्रपदात एकदा तिचे केस विंचरत होते.
ती म्हणाली, "तू रोज उसाच्या गाड्यापाशी थांबतेस ना?
घेत काहीच नाहीस.
पिशवी या हातातून त्या हातात.
सात मिनिटं. कधी नऊ."

फणीत केस अडकले होते, सोडवत बसले.
सलूनच्या आरशात आम्ही दोघी,
दोघींचंही लक्ष फणीकडे.

"ती तुझी आहेत," ताई म्हणाली,
"मला त्यांत घेऊ नकोस.
गॅलरीतला तो बोटभर डावीकडे कर.
तो कोपरा मला नको."

तार सैल केली.
बोटभर.
तार आवळली.

आता तिला दिसते शेजारच्यांची पाण्याची टाकी,
टाकीवर एक लंगडं कबूतर.
ताईनं त्याचं नाव विशालकोन ठेवलंय.

परवा नासिरभाई स्क्रू बघायला आले,
उशीशी डोकं नेऊन निरखलं आणि हळहळले:
"रस्तो तो गयो, बेन! टांकीमां शुं जोवानुं?"
ताई हसली.
मी पिशवी उचलली.

गाड्यापाशी आज थांबले.
वर पाहिलं. उतरत्या उन्हाचा कवडसा
माझ्यापासून हातभर लांब,
शिंप्याच्या पाटीवर थरथरत होता.
कुणी बघत नव्हतं.
पिशवी या हातातून त्या हातात केली,
मग खाली ठेवली.
एक ग्लास रस घेतला, उभ्यानंच.
दुसरा बांधून घेतला,
बर्फ न घालता.