बारावी ओढ

अकरा वेळा दोरी ओढली.
इंजिन नुसतं खोकलं.

तिघऱ्याच्या ऐन मध्यावर
फाळकेमामांनी प्लग काढला, बनियनला पुसला.
"कोरडा ठणठणीत. पेट्रोल पोचतच नाहीये."
नळी फुंकली : मोकळी.
कार्बोरेटर उघडला, तोही लख्ख.
रामसेवक वल्हं चाचपत म्हणाला, "छोड़ो साहब."

भिंतीवर दिवे लागले.
मामांच्या शिव्या संपल्या.
टाकीवर तळहात ठेवून बसले,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मग झाकणावरचा बारका स्क्रू
नखानं अर्धा फेरा सैल केला.
सूंऽऽ.
टाकीनं श्वास घेतला.

बाराव्या ओढीला पाणी थरथरलं.

सकाळी जीपमध्ये सांडू नये म्हणून
तो स्क्रू मीच आवळला होता.
ग्वाल्हेर येईपर्यंत
मी मामांचं कौतुकच करत राहिलो.