योग्य तिथे खूण करा

भायखळ्याच्या केंद्रात मुग्धाताईंनी फॉर्म पुढे सरकवला.
सांस्कृतिक कारणे : एक चौकोन.
वैयक्तिक कारणे : दुसरा.
पेन त्यांचंच, टोपण चावलेलं.

मी टेरेन्स शिये. माझगावचा.
तरी लोक विचारतात, हो, पण मूळचा कुठला?
आजोबांनाही विचारलं होतं, बासष्ट साली,
आणि उत्तराआधीच राजस्थानात नेऊन ठेवलं,
तारेच्या कुंपणाआड.
परत आले तेव्हा दवाखान्यावर
दुसऱ्याच कुणाची पाटी होती.
तेव्हापासून घरात एक नियम :
आवाज बाहेर जाता कामा नये.
भांडणाचा नाही, हसण्याचाही नाही.

आई देवळात बांबूच्या काड्या खुळखुळवते,
माझ्यासाठी सून मागते.
मला जो मागायचा होता तो प्रद्युम्न
मार्चमध्ये बोहल्यावर चढला.
आहेर म्हणून मी कुकर दिला. पाच लिटरचा.

दर एप्रिलला अँटॉप हिलच्या कबरस्तानात
आम्ही गवत उपटतो.
बाबा म्हणतात, पुढे हे तुझ्या मुलानं करायचं.
मी मुळासकट उपटतो.

ॲपवर फोटो टाकला की उत्तरं येतात :
चायनीज नको.
किंवा, चायनीजच हवं.
दोन्हीकडे मी मेन्यूकार्डावर.

आणि मग वर्सोव्याचा तो फ्लॅट,
जाड पडदे, शुक्रवारचा थेट सोमवार,
नाकात जळजळ,
आणि मी हसलो, ताई,
भिंतीपलीकडे जाईल एवढ्यानं.
तिथे कुणी विचारलं नाही, मूळचा कुठला.
कुणी नावही विचारलं नव्हतं,
हे लक्षात यायला दीड वर्ष गेलं.

आता हे कुठल्या चौकोनात बसवू?

मागच्या रविवारी बाबांनी
मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं.
शटर अर्धं खाली, दिवा तोंडावर.
दाढा झिजल्यात, म्हणाले.
रात्र रात्र काय चावत असतोस?
तोंड उघडं असताना बोलता येत नाही
हे चाळीस वर्षं त्यांना माहीत आहे.
म्हणूनच बहुधा तेव्हा विचारलं.

मग सिमेंट भरलं. अंगठ्यानं दाबलं.
आता चाव.
उंच लागतंय?
थोडं.
त्यांनी पुन्हा घासलं.

डावीकडेही आहे, म्हणाले हात धुताना,
माझ्याकडे पाठ करून.
पुढच्या रविवारी ये.