भरती विचारून ये

सेक्टर विचारत येऊ नकोस,
इथे एकोणिसाच्या शेजारी आठ राहतो
आणि दोघांत बोलणं नाही.
भरती विचारून ये.

वाशीच्या त्या कट्ट्यावर नेईन
ज्याला आम्ही हट्टाने चौपाटी म्हणतो
आणि जिथून पाणी दिवसातून दोनदा
काही न सांगता उठून जातं.
मागे चिखल, निवटे,
कुणाची तरी निळी चप्पल.
गेल्या मार्गशीर्षापासून तीच.

मग दिवाळ्याचा धक्का.
पोशीबाई जिताडा उचलून दाखवेल,
भाव सांगणार नाही, आधी तुझं गाव विचारेल.
पुणे म्हणालास तर वीस रुपये जास्त.

नेरुळच्या तळ्यात फ्लेमिंगो असतील,
एका पायावर,
घराचा ताबा मिळायचा राहिलेल्या माणसांसारखे.
बाबा असेच उभे होते सिडकोच्या दारात
शहाऐंशी साली, हातात फाइल, पायात भाड्याच्या खोलीची किल्ली पडलेली,
लक्ष नाही.

घर मिळालं. खिडकीत खाडी होती.
आता टॉवर आहे.
पण कोपऱ्यावरच्या बँकेच्या काचेत
संध्याकाळी सव्वासहाला
ती येते, चारएक मिनिटं, तिरकी.

ही जागा शेवटी दाखवेन.
चहा त्याआधी संपव.