डावी बाजू

शनिवारी यायच्या आधी मी मासळीच्या कारखान्याचा वास
तीनदा साबण लावून धुते.
मोल्दीला तरी तो येतोच.
नाकपुड्या फुगवून माझी बाही हुंगतो,
मग फुर्रर्र करून मला माफ करून टाकतो.

दहा वाजलेत, उजाडायला अजून तासभर आहे.
छपराखाली पिवळे दिवे, पायाखाली लाकडाचा भुसा,
आणि ती फळ्यांची चढण, जिच्यावरून चाकांची खुर्ची
घोड्याच्या पाठीइतकी उंच होते.

पहिल्या दिवशी सिगवाल्दी म्हणाला होता,
"घोडा मी खाल्लाय. खारवून, उकडून, बटाट्यांबरोबर.
बसलो मात्र कधी नाही."
स्टेइनुनने पुढे होऊन मोल्दीचे कान झाकले.

एकतीस वर्षं तो बोटीवर होता.
मग एका फेब्रुवारीत जाळ्याचा पोलादी दोर तुटला
आणि कमरेखालचा सगळा मुलूख
त्याच्या ताब्यातून गेला.
शूर म्हटलेलं त्याला खपत नाही.
"दोर तुटला तेव्हा मी पाव खात होतो," म्हणतो.
"यात शौर्य पावाचं की माझं?"

खोगिरावर आधी मेंढीचं कातडं, लोकर वर,
कारण काही टोचलं तर सांगायला
त्याच्या कातडीकडे आता कोणी उरलेलं नाही.
पायांत दोन मोजे, वर तिसरा.
पाय गारठले तर ती बातमी त्याला
आमच्याकडूनच कळते, तीही उशिरा.
पुढे स्टेइनुन, दोरी धरून.
उजवीकडे केटिल, शाळेतला पोरगा, सारखा जांभया देणारा.
डावीकडे मी:
एक हात त्याच्या मांडीवर आडवा,
बोटं खोगिराच्या कडेत रुतलेली.
तीन माणसं आणि एक घोडा,
तेव्हा कुठे एक माणूस बसतो.

सुरुवातीला तो पोत्यासारखा लोंबायचा.
वैतागायचा. शिव्या द्यायचा, त्यातल्या काही मला नवीन होत्या.
मोल्दी चालायचा, त्याची पाठ
डावीकडे ढळायची, उजवीकडे ढळायची, जराशी पुढे लोटायची,
पुन्हा डावीकडे.
एका शनिवारी सिगवाल्दीने डोळे मिटले.
"नैऋत्येचा वारा," म्हणाला. "लाट आडवी. बोट रिकामी."
आणि त्याची कंबर लाटेला उत्तर देऊ लागली.

मांडी कधीच गेली होती.
मांड कुठे जाते?

तेव्हापासून तो मला नावाने हाक मारत नाही.
बाकबोर्ड म्हणतो. बोटीची डावी बाजू.

गेल्या शनिवारी मी हात काढला.
त्याची परीक्षा वगैरे घ्यायची नव्हती,
आठवडाभर बर्फाच्या पेट्या उचलून खांदा भरून आला होता.
म्हटलं, त्याला कुठे कळणार आहे?
दोन वर्षांत हा हात त्याला एकदाही जाणवलेला नाही,
खाली बघितल्याशिवाय.
चार पावलं. सात. नऊ.
तो सरळ समोर बघत होता, मोल्दीच्या दोन कानांमधून.

"बाकबोर्ड, हात कुठे गेला?"

मी चोरासारखा परत ठेवला.
"कळलं कसं तुला?"
"मला नाही, याला कळलं.
डावीकडे हलकं झालं म्हणून हा पाठ सावरून घेत होता.
त्याचं सावरणं मला कळलं."

स्टेइनुनने मागे वळून पाहिलं, चाल थोडी मंद केली,
बोलली काही नाही.
अर्धी फेरी तशीच गेली.
मग तो म्हणाला, "काढ हात.
त्याला सवय होऊ दे. मलाही."

मी काढला. जवळच चालले, वीतभर अंतरावर,
तो कलला तर झेलता येईल इतकी.
तो कलला नाही.
केटिलची जांभई अर्ध्यात थांबली.

माझा हात मात्र कुठे ठेवावा ते मला कळेना.
खिशात घातला, बाहेर काढला,
बाहीला पुसला,
पुन्हा खिशात.
मोल्दीने चालता चालता मान वळवून
त्या खिशाचा वास घेतला.